अकाउंटंट का टिकत नाही?

माझ्या बॅचला दुकान टाकायच्या तयारीतली मंडळी येतात. जागा, माल, कर्ज, लायसन्स सगळं विचारून झालं की शेवटी एक प्रश्न हमखास येतो, "सर, कमी पगारात चांगला अकाउंटंट मिळेल का?" आणि ज्यांचं दुकान सुरू होऊन दोन-तीन वर्षं झालीत ते विचारतात, "सर, अकाउंटंट टिकत का नाही? दोन वर्षांत तिसरा गेला."

मिरजेसारख्या गावात हिशेब लिहिणारी माणसं फिरती असतात. सकाळी लक्ष्मी मार्केटजवळच्या एका दुकानात, दुपारी कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये, रात्री घरी लॅपटॉपवर दोन मेडिकलचं काम. अशा बऱ्याच जणांशी माझं बोलणं होतं. अमुक दुकान का सोडलं असं विचारलं की पगाराचा विषय येतो, नाही असं नाही, पण जरा उशिरा येतो. आधी ऐकायला मिळतं ते हे : "अहो, त्यांच्याकडं वेळेवर कागदच मिळत नाही."

व्हिडिओत हे घाईत सांगून झालं होतं. इथं नीट सांगतो, कारण यात तुमचे पैसे अडकलेले आहेत.

आधी एक गोष्ट साफ करून घेऊ. नवीन माणूस सीए, टॅक्स कन्सल्टंट आणि अकाउंटंट या तिघांना एकच समजतो. सीए ऑडिट करतो, सही करतो, सल्ला देतो. कन्सल्टंट मुख्यतः रिटर्न भरतो. अकाउंटंट तुमची रोजची खरेदी, विक्री, बँक, रोख, उधारी लिहितो. गावात कधी कधी एकच माणूस यातली दोन कामं करतो, पण कामं वेगळी आहेत. हा लेख तिसऱ्या माणसाबद्दल आहे. त्याचं नाव कुठल्याच फॉर्मवर येत नाही, आणि बाकी दोघांचं काम त्याच्या नोंदींवर उभं असतं.

त्याचा महिना कसा जातो

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि अकाउंटंटचं वर्ष संपून महिना सुरू झाला, असं मी बॅचमध्ये सांगतो. पूर्वी छोट्या दुकानात मार्च-एप्रिलला सगळा ढीग उपसला तरी चालून जायचं. आता दर महिन्याला तारखा ठरलेल्या आहेत. ७ तारखेला टीडीएस भरायचा. ११ ला आर-वन, म्हणजे तुमच्या विक्रीची बिलं पोर्टलवर चढवायची. १४ ला टू-बी तयार होते, म्हणजे तुम्हाला माल देणाऱ्यांनी तुमच्या नावावर काय चढवलंय ते दिसतं. कामगारांचा पीएफ, ईएसआय असेल तर १५. आणि २० ला थ्री-बी, म्हणजे कर भरून महिन्याचा हिशेब बंद. उलाढाल पाच कोटींच्या आत असेल तर जानेवारी २०२१ पासून तिमाही रिटर्नची सोय आहे. त्यात महाराष्ट्राला थ्री-बीसाठी २२ तारीख मिळते. पण कर मात्र पहिल्या दोन महिन्यांत २५ तारखेपर्यंत भरायचाच असतो, आणि गिऱ्हाईक जीएसटीवालं असेल तर त्याची बिलं १३ पर्यंत चढवलेली बरी. म्हणजे रिटर्न तीन महिन्यांनी, काम महिन्यालाच.

आता हे एका दुकानाचं. आपल्या अकाउंटंटकडं अशी सात-आठ दुकानं असतात आणि सगळ्यांच्या तारखा त्याच. १० आणि ११ ला त्याला फोन केला आणि तो तुटक बोलला, तर मनाला लावून घेऊ नका.

त्यावर आयकराचा हंगाम. २०२५ साली ३१ जुलैची मुदत वाढून १५ सप्टेंबर झाली आणि त्या रात्री उशिरा आणखी एक दिवस वाढवून १६ सप्टेंबर केली. आपल्याला वाटतं, बरं झालं, वेळ मिळाला. अकाउंटंटला विचारा. मुदत वाढली की मालक कागद द्यायचं तेवढेच दिवस पुढं ढकलतो, आणि जुलैचं काम सप्टेंबरच्या जीएसटीवर आणि ऑडिटच्या तयारीवर येऊन पडतं.

ताण कशाचा असतो

रॉबर्ट कारासेक नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९७९ साली एक साधी मांडणी केली, ती मला फार उपयोगी वाटते. त्याचं म्हणणं असं की नुसतं काम जास्त असल्यानं माणूस मोडत नाही. काम जास्त आणि त्या कामावर ताबा कमी, असं झालं की मोडतो. ज्याच्याकडं काम भरपूर आहे पण कधी, कसं करायचं हे स्वतः ठरवता येतं, तो माणूस उलट शिकत जातो.

हे आपल्या अकाउंटंटला लावून बघा. तारखा दिल्लीत ठरतात. बिलं तुमच्या गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये असतात. बँकेचा ओटीपी तुमच्या मोबाईलवर येतो. पुरवठादार तुमच्या ओळखीचा, तो अकाउंटंटचा फोन उचलत नाही. रिटर्न चुकलं तर विचारणा मात्र त्याला. त्याच्या ताब्यात काय, तर कीबोर्ड.

पूर्वीच्या दिवाणजीची गोष्ट वेगळी होती. सांगलीच्या मार्केट यार्डात जुन्या हळदीच्या, गुळाच्या अडतीत बसलेल्या लोकांना माहीत आहे. दिवाणजी गादीवर मालकाच्या शेजारी बसायचा. सौदा त्याच्यासमोर व्हायचा, पट्टी तो स्वतः करायचा, रोजकीर्दीत त्याच दिवशी लिहायचा आणि तिथून खतावणीला न्यायचा. कुणाला किती उधार द्यायचं यातही त्याचा शब्द असायचा. (फडणीस हा शब्दसुद्धा मूळ हिशेबाच्या दप्तरातलाच. नाना फडणवीसांचा वाडा आपल्या वाईजवळ मेणवलीला आहे, गेलात तर बघून या.) तेव्हा सगळं सोन्यासारखं होतं असं मला म्हणायचं नाही. पगार तुटपुंजे होते आणि दिवाणजी रात्री नऊपर्यंत बसायचा. पण व्यवहार त्यानं डोळ्यांनी पाहिलेला असायचा. आजच्या अकाउंटंटला फक्त कागद दिसतो, तोही वीस दिवसांनी आणि पिशवीत.

पिशवी

ही पिशवी उघडून बघण्यासारखी असते. त्यात खरेदीची बिलं, ट्रान्सपोर्टच्या पावत्या, लाइटबिल, घरच्या गॅसची पावती, शाळेच्या फीची पावती आणि पाठीमागं "४५०० दिले" एवढंच लिहिलेली चिठ्ठी. कुणाला दिले, कशाचे दिले, काही नाही.

टॅलीत एक बिल चढवायला मिनिटभर लागतं. ते बिल नसेल तर शोधायला, फोन करायला, व्हॉट्सॲपवर फोटो मागवायला आणि धूसर फोटोतला जीएसटी नंबर ओळखायला अर्धा तास जातो. तुम्ही पगार ठरवताना बिलांची संख्या मोजता. तुमच्या दुकानातला त्याचा बराचसा वेळ या शोधाशोधीत जातो आणि तो कुणीच मोजत नाही.

यूपीआयनं यात नवीन भर घातली. एकाच क्यूआरवर दुकानाची विक्री, मित्रानं परत केलेले उसने पैसे आणि भिशीचा हप्ता. महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये २० रुपये, ३५ रुपये, ११० रुपये अशा शेकडो ओळी. मग अकाउंटंट काय करतो? ज्या ओळीचा पत्ता लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतो. मार्चमध्ये सस्पेन्स उघडलं की तुम्ही म्हणता, "मला काय आठवतंय आता!" त्याला तर ते माहीत असायचं कारणच नव्हतं.

सॉफ्टवेअर घेतलं की सुटेल, असं वाटणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. टॅली जन्मली तीच एका व्यावसायिकाच्या गरजेतून. श्याम सुंदर गोयंका यांना स्वतःच्या धंद्याचा हिशेब ठेवायला धड सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोयंकांना, तयार करायला सांगितलं. १९८६ साली बंगळुरूत कंपनी सुरू झाली. म्हणजे मालकाला स्वतःचे आकडे बघायचे होते म्हणून ती बनली. आज किती मालक टॅली स्वतः उघडतात? बॅचमध्ये हात वर करायला सांगतो तेव्हा मोजके हात वर होतात. सॉफ्टवेअर बेरीज चुकू देत नाही. चिठ्ठीवरचे ४५०० कुणाचे, हे त्याला विचारून उपयोग नाही.

यात तुमचे १८ हजार कसे जातात

समजा तुम्ही लाखाचा माल घेतला, वर १८ टक्के जीएसटी. पुरवठादाराला १ लाख १८ हजार दिले. हे १८ हजार तुमच्या विक्रीच्या करातून वजा व्हायला हवेत. पण १ जानेवारी २०२२ पासून नियम असा की पुरवठादारानं ते बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं आणि ते तुमच्या टू-बीत आलं, तरच वजावट. त्यानं चढवलं नाही, किंवा तुमचा जीएसटी नंबर एका आकड्यानं चुकवला, तर या महिन्यात ते १८ हजार तुम्ही खिशातून भरायचे. पुढं त्यानं दुरुस्त केलं तर मिळतील, पण तोपर्यंत भांडवल अडकलं.

हे पकडायची जागा १४ ते २० तारखेमध्ये आहे. टू-बी आली, खरेदीशी ताडली, एक बिल दिसत नाही, पुरवठादाराला फोन केला. तुमची बिलं तोपर्यंत टॅलीत चढलेली असतील तर हे काम तासाभराचं. आणि पिशवीच १९ तारखेला संध्याकाळी आली तर? त्याच्याकडं ताडायला काहीच नाही. तो टू-बीत आहे तेवढं घेणार आणि रिटर्न भरून मोकळा होणार. तुमचं बिल सुटलं हे कदाचित ऑडिटला कळेल, कदाचित कधीच नाही.

उलट बाजूही बघा. तुम्ही कुणाचे तरी पुरवठादार असता. तुमचं आर-वन उशिरा गेलं की तुमच्या गिऱ्हाइकाची वजावट अडकते. कुपवाडचा कारखानदार दोनदा सांगेल, तिसऱ्यांदा दुसरीकडून माल घेईल. उशिराचा दंड दिवसाला ५० रुपये, निल रिटर्नला २०, आणि राहिलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. दंड हातात दिसतो म्हणून मालक त्यावर भांडतो. गेलेलं गिऱ्हाईक दंडाच्या पावतीवर छापून येत नाही.

२२ सप्टेंबर २०२५

हे सगळं एकाच वेळी बघायला मिळालं ते जीएसटीचे दर बदलले तेव्हा. ३ सप्टेंबरला कौन्सिलचा निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू. १२ आणि २८ चे टप्पे गेले, बराचसा माल ५ आणि १८ मध्ये आला. बहुतेक औषधं १२ वरून ५ वर आली. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. वान्लेसपासून पुढं गल्लोगल्ली हॉस्पिटलं आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी मेडिकल. एकेका दुकानात हजारो औषधं, जुन्या एमआरपीचा साठा रॅकवर, नवे दर सॉफ्टवेअरमध्ये, आणि हाताशी १९ दिवस. त्याच दिवसांत ११ आणि २० तारीख, आयकराची वाढीव मुदत आणि समोर दसरा-दिवाळी.

कायदा सगळ्यांना तोच होता. पण मी ज्यांच्याशी बोललो त्या अकाउंटंट मंडळींचे अनुभव दोन टोकांचे होते. जिथं मालाची यादी नीट होती, प्रत्येक वस्तूपुढं बरोबर एचएसएन कोड होता, साठा खरा होता, तिथं दर बदलायचं काम एका रात्रीत उरकलं. जिथं "टॅबलेट मिक्स" या एकाच नावाखाली निम्मं दुकान होतं, तिथं दिवाळीपर्यंत बिलं दुरुस्त करणं चाललं. मालक म्हणाले, सरकारनं डोक्याला ताप दिला. थोडा दिलाच. बाकीचा दुकानात आधीपासून होता.

"बघा, जमवून द्या"

आता जे उघड कुणी बोलत नाही ते. अकाउंटंटच्या कामात सगळ्यात जड असतं ते हे एक वाक्य. आयकरात एका माणसाला एका दिवशी दहा हजारांच्या वर रोखीनं खर्च दिला तर तो खर्च धरत नाहीत. मालक ३८ हजारांची रोख पावती पुढं करतो आणि म्हणतो, "चार दिवसांत तोडून दाखवा." बँकेत कर्जाची फाइल टाकायची असते, "साठा जरा वाढवून घ्या." नाहीतर कुणाचं तरी मालाशिवायचं नुसतं बिल, "हे एवढं बसवा."

त्याच्या जागेवरून बघा. खोटं बिल घेणं हा गुन्हा आहे, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. नाही म्हटलं तर काम जाईल, हो म्हटलं तर झोप. आणि पुढं नोटीस आली की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मला काय कळतंय त्यातलं, आमच्या अकाउंटंटनं केलं."

माझं निरीक्षण असं आहे की अशा दुकानातून प्रामाणिक माणूस आधी बाहेर पडतो. तो भांडत नाही, घरी अडचण आहे म्हणतो. मागं उरतो तो मान डोलावणारा. आणि जो सरकारचे आकडे तुमच्यासाठी जमवतो, तो तुमचे आकडे स्वतःसाठी जमवणार नाही हे कशावरून? गल्ल्यात घोळ झाल्यावर माझ्याकडं आलेल्या मंडळींना मी हा प्रश्न विचारतो. उत्तर यायला वेळ लागतो.

मोठ्या फर्ममध्ये तरी बरं असेल, असं वाटून बी.कॉम.ची मुलं पुण्याला जातात. २०२४ च्या जुलैमध्ये पुण्यातल्या एका मोठ्या फर्ममध्ये चार महिन्यांपूर्वीच लागलेली २६ वर्षांची सीए मुलगी गेली. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचलं गेलं, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं त्याची दखल घेतली. मृत्यूचं कारण कामाचा ताणच होता का, यावर वाद झाला आणि मी त्यात पडत नाही. पण पत्रातल्या रात्रीच्या आणि सुट्टीच्या कामाच्या तक्रारी वाचताना आपल्या गावातल्या कुठल्याही अकाउंटंटला परकं असं काही वाटलं नसेल. फरक एवढाच की तिथं एचआर नावाचा विभाग असतो. तुमच्या दुकानात एचआर म्हणजे तुम्हीच.

मग करायचं काय

खर्च फार नाही. रोज शटर ओढायच्या आधी पाच मिनिटं काढून दिवसभराची बिलं फाइलला लावा आणि फोटो अकाउंटंटला पाठवा. नुसता गल्ला मोजून घरी जाऊ नका. दुकानाचं बँक खातं आणि क्यूआर घरापासून वेगळा. चिठ्ठीवर आकड्याबरोबर नाव आणि कारण. कागद दिल्याची तारीख एका वहीत लिहा, दोघांच्या सह्या. ही वही मी सगळ्यांना ठेवायला लावतो, कारण दंड कुणी भरायचा हा वाद तिथंच मिटतो. ५ तारखेच्या आत सगळे कागद मिळाले आणि रिटर्न राहिलं तर त्याची चूक. १९ ला मिळाले तर तुमची. दंड सरसकट अकाउंटंटच्या पगारातून कापणारे मालक मला माहीत आहेत. त्यांच्याकडं वर्षाला नवीन माणूस असतो.

बसायची जागा हाही विषय आहे, हसू नका. काउंटरच्या टोकाला स्टूल दिलं की अर्धा दिवस, "मॅडम, जरा गिऱ्हाईक बघता का?" यात जातो. आकडे जुळवताना मध्ये कुणी रेट विचारला की पुन्हा पहिल्यापासून. आतल्या बाजूला टेबल, पंखा, लाइट गेली तर इन्व्हर्टर, एवढं पुरतं. हे काम करणाऱ्यांत घर सांभाळून येणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. त्यांना दुपारी दोन ते पाच ही वेळ जमते. मालकाला मात्र हिशेबाला बसायला रात्री साडेआठलाच सवड मिळते. दुपारची एक वेळ आठवड्यातून ठरवून त्यांच्यासाठी मोकळी ठेवा, त्या तासात शंका विचारून घेऊ दे.

आणि पगार. दुकान सुरू करताना ३० बिलं होती, आता १५० झालीत, पगार तोच. माल वाढला की हमालाची मजुरी आपोआप वाढते, अकाउंटंटची वाढत नाही. दर वर्षी एप्रिलमध्ये बिलांची संख्या बघून बोलायचं, असं पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

"सर, माझी उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, मला जीएसटी लागतच नाही" असं म्हणणारे असतील. नुसता माल विकत असाल तर बहुतेकांना ते खरं आहे. सेवा देत असाल तर मर्यादा २० लाख. पण सवय आत्ताच लावा, नोंदणी घ्यायची वेळ आली की पिशवी घेऊन धावावं लागणार नाही.

नवीन अकाउंटंटला भेटाल तेव्हा टॅली येते का, एवढंच विचारू नका. आधीच्या दुकानात कागद कुठल्या तारखेला मिळायचे, ते विचारा. मग त्यांना तुम्हाला प्रश्न विचारू द्या. जो माणूस विचारेल, "बँक खातं एकच आहे का? बिलं कोण लावतं? उधारीची वही कुणाकडं असते?" त्याला दोन पैसे जास्त मागितले तरी ठेवून घ्या.

पुढच्या व्हिडिओत टू-बी पोर्टलवरून उतरवून खरेदीशी कशी ताडायची, ते स्क्रीनवर करून दाखवतो. तोपर्यंत तुमच्या सगळ्या पुरवठादारांची नावं, जीएसटी नंबर आणि त्यांच्याकडं हिशेब बघणाऱ्या माणसाचा फोन नंबर एका कागदावर लिहून ठेवा. मालकाचा नको, हिशेब बघणाऱ्याचाच घ्या.